माशीचा डोळा ठिपकेदार निघाला आणि जनुकांचं एक मोठं गुपित समोर आलं

पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी बारीक फळमाशी आपण हाताने हाकलतो. हर्मन म्युलर यांनी मात्र त्याच माशीवर आयुष्य घालवलं आणि नोबेल मिळवलं.

म्युलर यांचा जन्म १८९० चा, न्यूयॉर्कचा. फळमाशीवर काम करायला ते कोलंबिया विद्यापीठात थॉमस मॉर्गन यांच्याकडे शिकले. पुढे टेक्सासमध्ये प्राध्यापक झाले. एक्स-रेमुळे जनुकं बदलतात आणि तो बदल पुढच्या पिढीत उतरतो, हे त्यांनी १९२७ साली दाखवून दिलं. जगभर नाव झालं.

१९३० साली त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. एक्स-रे दिलेल्या माशांच्या वंशात काहींचे डोळे ठिपकेदार निघाले. एरवी हा डोळा लालभडक असतो. यांचा मात्र थोडा लाल, थोडा पांढरा.

आता गंमत बघा. लाल रंगासाठी लागणारं जनुक बिघडलं असतं, तर अख्खा डोळा पांढरा झाला असता. इथे जनुक धडधाकट होतं, फक्त त्याचा पत्ता बदलला होता. एक्स-रेने गुणसूत्र तुटून उलटसुलट जोडलं गेलं होतं.

नवा पत्ता होता हेटरोक्रोमॅटिनच्या शेजारी. हे काय असतं? पेशीत डीएनए प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्याला क्रोमॅटिन म्हणतात. ते कुठे सैल असतं, कुठे गच्च. गच्च भाग म्हणजे हेटरोक्रोमॅटिन. तिथलं जनुक पेशीला सहज वाचता येत नाही. ही गच्च बांधणी काही पेशींत शेजारच्या जनुकावर पसरते आणि ते गप्प होतं. काही पेशींत पसरत नाही. त्या पेशीपासून बनलेल्या पेशी बहुतेक वेळा तीच स्थिती पुढे चालवतात, म्हणून ठिपके दिसतात. हे कोडं उलगडायला पुढची कित्येक दशकं लागली.

इकडे म्युलर यांचाही पत्ता बदलत होता. टेक्सासमध्ये डाव्या विद्यार्थ्यांच्या गुप्त वृत्तपत्राला मदत केल्यामुळे तपासयंत्रणेची नजर पडली. १९३२ मध्ये ते बर्लिनला गेले, तर तिथे हिटलर सत्तेवर आला. १९३३ मध्ये निकोलाय वाविलोव्ह यांच्या बोलावण्यावरून सोव्हिएत संघात गेले, तर तिथे लायसेन्को जनुकशास्त्रच खोटं ठरवायला निघाला. म्युलर यांनी स्टालिनला पत्र लिहून माणसाची पैदास सुधारण्याची योजना सुचवली. ती आज कुणालाही खटकेल, आणि स्टालिनलाही पटली नाही. त्यांचे सहकारी आगोल आणि लेव्हित यांना गोळ्या घालण्यात आल्या. १९३७ मध्ये म्युलर बाहेर पडले. वाविलोव्ह मात्र १९४३ मध्ये तुरुंगातच गेले.

१९४६ साली म्युलर यांना नोबेल मिळालं. पुढे किरणोत्साराच्या धोक्यांबद्दल ते जगाला सावध करत राहिले. १९६७ साली त्यांचं निधन झालं.

जनुकं गप्प करण्याची हीच पद्धत आपल्या पेशींतही चालते. कर्करोगात कधीकधी पेशींची वाढ रोखणारी जनुकं अशीच गप्प होतात. म्हणजे जनुक चांगलं असून भागत नाही. आजूबाजूचं क्रोमॅटिन त्याला बोलू देतंय का, हेही बघावं लागतं.