टोकोआचा बलभीम

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या ईशान्य भागात, डोंगरांच्या पायथ्याशी टोकोआ नावाचे लहानसे गाव आहे. या गावी १७ ऑक्टोबर १९३२ रोजी पॉल अँडरसनचा जन्म झाला. बालपणीच त्याला मूत्रपिंडाचा दुर्धर विकार जडला. हे मूल पुढे जगातील बलाढ्य पुरुषांत गणले जाईल, असे तेव्हा कोणाच्या स्वप्नीही आले नसेल!

पॉलला फुटबॉलची आवड होती. त्या खेळासाठी बळ हवे म्हणून १९५२ च्या सुमारास तो वजने उचलू लागला. लवकरच त्याला नेहमीची वजने हलकी वाटू लागली. तेव्हा त्याने पिंपांत काँक्रीट भरून घरच्या घरी अवजड वजने तयार केली. अंगणात खड्डा खणून त्यात तो उभा राही व खांद्यांवर भार घेऊन उठे. अंगी बळ वाढे तसतशी तो खड्ड्यात थोडी थोडी माती लोटी. त्यामुळे त्याला दिवसेंदिवस अधिक खाली बसून उठावे लागे. ना मोठी व्यायामशाळा, ना महागडी साधने. हीच त्याची तालीम होती.

जून १९५५ मध्ये अमेरिकन भारोत्तोलकांचा संघ मॉस्कोला गेला. त्या काळी अमेरिका व रशिया यांच्यात वैरभाव होता. पाऊस पडत असतानाही हजारो रशियन लोक स्पर्धा पाहावयास जमले होते. पॉलने सुमारे १८२ किलो वजन डोक्यावर उचलून धरताच वैर विसरून त्यांनी त्याचा जयजयकार केला. त्याच वर्षी म्युनिक येथे तो जगज्जेता झाला.

त्याची खरी कसोटी मात्र १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये लागली. तापाने त्याचे अंग फणफणले होते. अर्जेंटिनाचा सेल्वेटी पहिल्याच प्रकारात साडेसात किलोंनी पुढे गेला. अखेरच्या प्रकारात पॉलने १८७.५ किलोंची मागणी केली. पहिला प्रयत्न फसला, दुसराही फसला. तिसऱ्या व शेवटच्या प्रयत्नात ते प्रचंड वजन त्याने डोक्यावर स्थिर धरले. दोघांची बेरीज आता सारखीच, ५०० किलो झाली. परंतु नियमानुसार ज्याचे शरीर वजनाने कमी, तो विजयी. जवळजवळ १३८ किलो वजनाचा पॉल येथे हलका ठरला आणि सुवर्णपदक त्याला मिळाले!

पुढे पैसे घेऊन शक्तीचे प्रयोग केल्यामुळे त्याला ऑलिंपिकचे दार बंद झाले. तथापि त्या प्रयोगांचे उत्पन्न त्याने एका निराळ्याच कार्यास लावले. वाट चुकलेल्या ज्या मुलांना एरवी तुरुंगात जावे लागले असते, त्यांच्यासाठी त्याने पत्नी ग्लेंडा हिच्यासह १९६१ साली व्हिडेलिया येथे एक वसतिगृह काढले. ते चालविण्यासाठी तो गावोगाव फिरून वजने उचलीत राहिला.

लहानपणीच्या विकाराने उतारवयात पुन्हा डोके वर काढले. १९८३ साली बहिणीने आपले एक मूत्रपिंड देऊन त्याला वाचविले. त्यानंतर तो अकरा वर्षे जगला. १५ ऑगस्ट १९९४ रोजी त्याचे निधन झाले. टोकोआच्या लोकांनी त्याच्या जन्मस्थानाजवळ त्याच्या नावाचे उद्यान उभारले आहे.