विश्लेषण : ‘सनशाइन’ हार्वेस्टर घडवणारे ह्यू मॅके कोण होते? कामगारांच्या इतिहासात त्यांचे नाव का?

ऑस्ट्रेलियात आजोबांच्या शेतावर बालपण घालवलेल्या अनेकांना गोठ्यामागे गंजत पडलेले एक अवाढव्य यंत्र आठवते. इंजिन नाही, बसायला केबिन नाही. पुढे लोखंडी फणी आणि खाली एक मोठे चाक. घोड्यांनी ओढायचे हे कम्बाइन हार्वेस्टर. त्यांतील सर्वांत गाजलेले ‘सनशाइन’ बनवणारे ह्यू व्हिक्टर मॅके होते. माणसांची मेहनत वाचवणाऱ्या या कारखानदाराचे नाव कामगारांच्या वेतनाशी कायमचे जोडले गेले, तेही त्यांच्या इच्छेविरुद्ध.

मॅके यांची सुरुवात कशी झाली?

मॅके यांचा जन्म 1865 मध्ये व्हिक्टोरिया प्रांतातील रेवूड येथे झाला. आयर्लंडहून आलेल्या कुटुंबातील 12 भावंडांपैकी ते एक. 13 व्या वर्षी शाळा सोडून ते शेतीत राबू लागले. त्या काळी गव्हाच्या ओंब्या ‘स्ट्रिपर’ने ओरबाडल्या जात आणि मग दाणे उफणणीसाठी वेगळ्या यंत्रात घालावे लागत. ही दोन्ही कामे एकाच यंत्रात व्हावीत, यासाठी मॅके यांनी वडील आणि भावाच्या मदतीने शेतावरच जुन्या यंत्रांचे भाग जोडून नमुना तयार केला. 1885 मध्ये त्यांनी पेटंट घेतले. जेम्स मॉरो यांच्यासह इतरही याच कल्पनेवर काम करत होते. मात्र हे यंत्र मोठ्या प्रमाणावर बनवून विकणे मॅके यांना साधले. 1890 च्या दशकातील मंदीत त्यांचा पहिला व्यवसाय बुडाला, तरी त्यांनी तो पुन्हा उभा केला. पुढे त्यांची यंत्रे अर्जेंटिनापर्यंत गेली. मेलबर्नजवळ ज्या गावात त्यांनी कारखाना हलवला, त्या गावाचे नावही 1907 मध्ये ‘सनशाइन’ झाले.

जुने यंत्र ओळखायचे कसे?

घोडे यंत्र ओढू लागले की जमिनीवरचे मोठे चाक फिरे आणि साखळ्या व दातेरी चक्रांमार्फत आतील मळणी, उफणणी चाले. फणीमागे नुसते झोडणारे पाते असेल, तर तो स्ट्रिपर-हार्वेस्टर. फणीमागे कापणारी सुरी असेल, तर तो नंतरचा ‘हेडर’. हेडर ही हेडली टेलर या शेतकऱ्याची निर्मिती. वादळाने आडवे झालेले पीकही त्यातून काढता येई. मॅके यांनी 1916 मध्ये त्याचे हक्क घेतले आणि टेलर यांनाही कारखान्यात आणले. रंग उडाला असला, तरी बिडाच्या भागांवरील अक्षरे व क्रमांक यंत्राचा माग देतात.

1907 चा निवाडा काय होता?

परदेशी यंत्रांपासून स्थानिक उद्योगाला संरक्षण मिळावे, यासाठी मॅके आग्रही होते. सरकारने संरक्षण दिले, पण कामगारांना न्याय्य व वाजवी वेतन देणाऱ्या कारखानदारालाच अबकारी करातून सूट मिळेल, अशी अट घातली. मॅके यांनी सूट मागितली. न्यायमूर्ती हेन्री हिगिन्स यांनी ती नाकारली. मालकाला किती परवडते यापेक्षा कामगाराच्या कुटुंबाला माणसासारखे जगायला किती लागते, हा निकष त्यांनी लावला. अकुशल कामगारासाठी दिवसाला 7 शिलिंग, म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्याला 42 शिलिंग, असा दर ठरला. अर्थात हिशेब कमावत्या पुरुषाचा होता. स्त्रियांचे वेतन पुढे दीर्घकाळ कमीच धरले गेले.

मॅके जिंकले की हरले?

कागदावर मॅके जिंकले. 1908 मध्ये उच्च न्यायालयाने तो अबकारी कायदाच अवैध ठरवला. 1911 मध्ये त्यांच्या कारखान्यात युनियनबाहेरच्या कामगारांवरून दीर्घ संप झाला, त्यातही कामगारांना माघार घ्यावी लागली. पण हिगिन्स यांचा निकष टिकला. लवाद न्यायालयाने तो पुढील खटल्यांत वापरला आणि ऑस्ट्रेलियातील मूळ वेतनाचा तो पाया ठरला. ‘हार्वेस्टर निवाडा’ हे त्याचे नाव आजही मॅके यांच्या यंत्राची आठवण देते.

पुढे काय झाले?

1926 मध्ये सनबरी येथील रूपर्ट्सवूड या वाड्यात मॅके यांचे निधन झाले. क्रिकेटमधील ‘अ‍ॅशेस’च्या करंडकाची कथा जिथे सुरू होते, तोच हा वाडा. त्यांचा उद्योग 1950 च्या दशकात ज्या समूहाकडे गेला, त्याचे ‘मॅसी फर्ग्युसन’ हे नाव महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना ट्रॅक्टरमुळे परिचित आहे. मॅके यांचा कारखाना आता नाही. त्यांचे हार्वेस्टर संग्रहालयांत आणि काही गोठ्यांमागे उरले आहेत. मजुरीचा दर मालकाच्या ऐपतीवरून ठरवायचा की कामगाराच्या गरजेवरून, हा वाद मात्र प्रत्येक किमान वेतनाच्या चर्चेत नव्याने उभा राहतो.