चार्ल्स फ्रीर अँड्र्यूज यांची दिल्लीतील दहा वर्षे

दीनबंधू अँड्र्यूज हे नाव मराठी वाचकाला परिचित आहे ते गांधीजींचे आणि रवींद्रनाथांचे स्नेही म्हणून. ह्या दोन थोर स्नेहांच्या प्रकाशात त्यांच्या आयुष्यातील आधीचा एक कालखंड काहीसा झाकोळून गेला आहे. १९०४ ते १९१४ ह्या काळात ते दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात अध्यापक आणि धर्मोपदेशक होते. चरित्रकार बहुधा हा काळ पूर्वतयारी म्हणून लवकर आटोपतात. वस्तुतः अँड्र्यूज यांच्या श्रद्धेचे जे रूप पुढे जगासमोर आले ते ह्याच कॉलेजच्या वर्गांत, वसतिगृहात आणि एका बंगाली प्राध्यापकाच्या घरी घडले.

मिशनरी कॉलेज म्हटले की महाराष्ट्रात प्रथम आठवतात ते वाद. १८३९ साली मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेतील पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा उठलेले वादळ न्यायालयापर्यंत गेले होते. बाबा पदमनजी किंवा नारायण वामन टिळक यांच्या चरित्रांतूनही धर्मांतरामागची घरादाराची ताटातूट दिसते. अशा संस्थेतील अध्यापक विद्यार्थ्यावर प्रेम करतो ते त्याच्यासाठी की त्याच्या धर्मांतरासाठी, ही शंका त्यामुळे कायमची मागे लागली. ती अन्याय्य होती असेही म्हणता येत नाही. अँड्र्यूज यांच्या दिल्लीतील वास्तव्याचा विचार ह्या शंकेला सामोरे ठेवूनच करावा लागतो.

अँड्र्यूज यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८७१ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे झाला. बालपण बर्मिंगहॅममध्ये गेले. वडील एका छोट्या, उत्कट भक्तीच्या ख्रिस्ती पंथाचे धर्माधिकारी होते. कुटुंबाचे द्रव्य सांभाळणाऱ्या एका मित्रानेच विश्वासघात करून ते बुडविले, तेव्हा वडिलांनी रात्रीच्या प्रार्थनेत त्या मित्रासाठीच क्षमा मागितली. ही आठवण अँड्र्यूज यांनी आपल्या आत्मकथनात जपली आहे. मित्र चुकला तरी मैत्री सोडायची नाही, हा धडा त्यांना घरातच मिळाला. केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजात त्यांनी अभिजात भाषा आणि धर्मशास्त्र ह्या दोन्ही परीक्षांत प्रथम वर्ग मिळविला, वडिलांचा पंथ सोडून इंग्लंडच्या चर्चमध्ये प्रवेश केला आणि १८९७ साली त्यांना पुरोहितपदाची दीक्षा मिळाली. लंडनच्या वॉलवर्थ ह्या दरिद्री भागात काही काळ काम केल्यावर ते पुन्हा केंब्रिजला अध्यापनासाठी परतले.

हिंदुस्थानाची ओढ लागली तीही एका मित्रामुळे. डरहॅमचे बिशप वेस्टकॉट यांचा पुत्र बेसिल हा अँड्र्यूज यांचा जिवलग. तो केंब्रिज मिशनचे काम करण्यासाठी दिल्लीस गेला आणि १९०० साली पटकीने तेथेच मृत्यू पावला. त्याची जागा आपण घ्यावी हा विचार अँड्र्यूज यांच्या मनातून जाईना. अखेर २० मार्च १९०४ रोजी ते दिल्लीत पोहोचले. पुढे हा दिवस ते आपला दुसरा जन्मदिवस मानीत.

सेंट स्टीफन्स कॉलेजची स्थापना १८८१ साली झाली होती आणि ते त्या काळी काश्मिरी दरवाजाजवळ होते. पंजाब विद्यापीठाशी संलग्न असलेल्या ह्या कॉलेजात हिंदू, मुसलमान, शीख आणि ख्रिस्ती विद्यार्थी एकत्र शिकत; ख्रिस्ती विद्यार्थ्यांची संख्या अल्पच असे. अँड्र्यूज यांना दिल्लीत पहिले दर्शन घडले ते मात्र गोऱ्या समाजाने आपल्याभोवती घातलेल्या कुंपणाचे. बायबलमधील बंधुत्व शिकवायचे आणि सायंकाळी नेटिवांना मज्जाव असलेल्या वर्तुळात जाऊन बसायचे, ही विसंगती अनेकांना खटकतच नसे. अँड्र्यूज यांना ती दिसली, आणि दाखविली ती सुशीलकुमार रुद्र यांनी.

रुद्र हे बंगाली ख्रिस्ती कुटुंबातील, १८८६ पासून ह्याच कॉलेजात शिकविणारे. पत्नीच्या निधनानंतर मुलांचा सांभाळ तेच करीत. स्वभावाने मितभाषी, संथ आणि कठोर आत्मपरीक्षण करणारे. अँड्र्यूज त्यांच्याहून सर्वस्वी निराळे: उतावळे, भावनाशील, एखाद्याचे दुःख ऐकताच खिसा रिकामा करणारे. स्वतःच्या वस्तू हरविणे आणि कपडे दुसऱ्याला देऊन टाकणे ही त्यांची सवय मित्रमंडळींत थट्टेचा कायमचा विषय झाली होती. रुद्र यांच्या घरी ते लवकरच घरच्यासारखे वावरू लागले. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघेही सिमल्याकडील डोंगरांत जात. सत्ताधारी जातीच्या मनुष्याला जी गोष्ट सहसा कोणी तोंडावर सांगत नाही, ती रुद्र त्यांना शांतपणे सांगत. उपदेशकानेच शिष्य व्हावे असा हा उलटा क्रम होता.

ह्या मैत्रीची कसोटी १९०६ साली लागली. प्राचार्यपद रिकामे झाले. वीस वर्षे सेवा केलेले आणि उपप्राचार्य असलेले रुद्र समोर असतानाही ते पद इंग्रजाकडेच राहावे अशी अनेकांची धारणा होती. हिंदी मनुष्याला शिस्त राखता येईल काय, पालकांचा विश्वास बसेल काय, असे प्रश्न उपस्थित झाले. त्या पदासाठी ज्यांचे नाव सहज पुढे आले असते त्या अँड्र्यूज यांनी रुद्र यांचीच निवड व्हावी असा आग्रह धरला आणि तो तडीस नेला. रुद्र हे कॉलेजचे पहिले हिंदी प्राचार्य झाले आणि अँड्र्यूज त्यांच्या हाताखाली काम करू लागले. आज ही घटना एका ओळीत सांगून होते. त्या काळी इंग्रज धर्मोपदेशकाने हिंदी वरिष्ठाच्या आज्ञेत राहणे ही साध्या सौजन्याची बाब नव्हती. विद्यार्थ्यांसमोर बंधुत्वाची जी व्याख्याने झाली असतील, त्या सर्वांहून हा एक निर्णय अधिक बोलका ठरला असला पाहिजे.

त्याच वर्षी शिकलेल्या हिंदी लोकांची हेटाळणी करणाऱ्या एका पत्राला त्यांनी लाहोरच्या एका इंग्रजी वृत्तपत्रातून उत्तर दिले आणि लाला लजपतराय यांच्यासारख्या नेत्यांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले. डिसेंबरात ते कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनास उपस्थित राहिले. १९०७ साली लजपतराय यांची मंडालेहून सुटका झाली, तेव्हा कॉलेजवर दिवे लावण्याची विद्यार्थ्यांची विनंती त्यांनी आनंदाने मान्य केली, अशी आठवण सांगितली जाते. सरकारी रोष ओढवून घेणाऱ्या अशा गमतीत अध्यापकच सामील होतो, हे पाहून विद्यार्थ्यांना काय वाटले असेल याची कल्पना करता येते. त्यांच्या नावाच्या सी. एफ. ए. ह्या आद्याक्षरांचा ख्रिस्ताचा निष्ठावान प्रेषित असा अर्थ लावण्याची कोटीही प्रसिद्ध आहे.

कॉलेजच्या भिंतींबाहेर त्यांना आणखी एक गुरू लाभला. मुन्शी झकाउल्ला हे वृद्ध गणितज्ञ आणि इतिहासकार जुन्या दिल्लीत राहत असत. १८५७ पूर्वीची दिल्ली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. अँड्र्यूज त्यांच्याकडे जाऊन बसत. बोलणे होई ते जुन्या शहराविषयी आणि ईश्वराविषयी. ह्या भेटींत कोणी कोणाला आपल्या धर्मात ओढण्याचा प्रश्न उरला नाही. १९१० साली झकाउल्ला निवर्तले. अँड्र्यूज यांनी १९२९ साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. धर्मोपदेशकाने एका श्रद्धावान मुसलमानाचे आदराने लिहिलेले ते चरित्र आहे. त्याच काळात साधू सुंदरसिंग आणि अमेरिकेहून आलेले सॅम्युअल स्टोक्स यांच्या अनिकेत, निर्धन जीवनाचाही त्यांच्यावर परिणाम होत होता. मिशनच्या बंगल्यातील सुरक्षित आयुष्य त्यांना टोचू लागले.

येथे त्यांच्या श्रद्धेतील पेच स्पष्ट होतो. चर्चच्या उपासनेत अथानासियसच्या नावाने ओळखला जाणारा मतांगीकार म्हणावा लागे. विशिष्ट सिद्धान्त न मानणारे चिरंतन नाशास पात्र होतात, असे त्यात सांगितलेले आहे. केंब्रिजमध्ये ही वाक्ये ग्रंथातील वाक्ये होती. दिल्लीत त्यांना चेहरे प्राप्त झाले. झकाउल्ला, वर्गातील हिंदू मुले, १९१२ साली लंडनला रोथेनस्टाइन यांच्या घरी भेटलेले रवींद्रनाथ यांच्याविषयी तसे म्हणणे त्यांच्या जिभेवर येईना. ख्रिस्तावरील त्यांची निष्ठा यत्किंचितही उणावली नव्हती. त्या निष्ठेमुळेच ते अडले. १९१४ साली त्यांनी पुरोहित म्हणून काम करणे थांबविले. पुढे तीनच वर्षांनी, १९१७ साली, नारायण वामन टिळक यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला. दोघांच्या वाटा निराळ्या, तरी संस्थेच्या चौकटीबाहेर ख्रिस्त शोधण्याची निकड एकाच जातीची होती.

दिल्ली सुटण्याचे निमित्त एका महाराष्ट्रीयाने दिले. १९१३ च्या अखेरीस गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहासाठी निधी जमवीत होते. अँड्र्यूज यांनी आपली सारी शिल्लक त्यांच्या हवाली केली. गोखल्यांनी त्यांना स्वतःलाच तिकडे जाण्यास सुचविले. विली पिअर्सन यांच्यासह जानेवारी १९१४ मध्ये ते दरबानला उतरले आणि धक्क्यावरच त्यांनी वाकून गांधीजींच्या पायांना स्पर्श केला. तेथील गोरा समाज संतापला. त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये त्यांची आई वारली; अखेरची भेट झाली नाही. दक्षिण आफ्रिकेत ते गांधीजींना आपल्या हिंदुस्थानातील मित्रांविषयी इतके सांगत की रवींद्रनाथ, महात्मा मुन्शीराम आणि सुशील रुद्र ही अँड्र्यूज यांची त्रिमूर्ती असे गांधीजींनी विनोदाने नोंदवून ठेवले. त्रैक्याच्या सिद्धान्तावर प्रवचने करणाऱ्या पुरोहिताच्या त्रिमूर्तीत एक ब्राह्मो कवी, एक आर्यसमाजी आणि एकच ख्रिस्ती असावा, ही थट्टा मोठी मार्मिक आहे.

परतल्यावर ते शांतिनिकेतनला गेले. येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. अँड्र्यूज यांच्या त्यागाचे कौतुक सर्वत्र झाले. परंतु वर्ग, वेळापत्रके, परीक्षा आणि फीची थकबाकी सांभाळत कॉलेजात राहिले ते रुद्र. मित्राने मुक्त व्हावे यासाठी मागे राहणाऱ्याची किंमत चरित्रग्रंथांत क्वचितच मोजली जाते. अँड्र्यूज यांच्या स्वभावात एक अस्थिरता होती. एका ठिकाणी रुजून दीर्घकाळ काम करणे त्यांना जमले नाही. फिजी, पूर्व आफ्रिका, पंजाब, जेथे दुःख असेल तेथे ते धावले. रुद्र यांनी त्याबद्दल कधी तक्रार केल्याचे दिसत नाही.

दोघांचे नाते तुटले नाही. १९१५ साली गांधीजी प्रथम दिल्लीस आले तेव्हा ते रुद्र यांच्याच घरी उतरले, आणि खिलाफतीसंबंधी व्हाइसरॉयना लिहिलेल्या खुल्या पत्राचा मसुदाही त्याच छपराखाली तयार झाला. रुद्र १९२५ च्या जूनमध्ये सोलन येथे निवर्तले. अँड्र्यूज यांनी १९३६ साली पुन्हा पुरोहितपणाचे काम स्वीकारले आणि ५ एप्रिल १९४० रोजी कलकत्त्यास त्यांचा अंत झाला. त्यांची कबर लोअर सर्क्युलर रोडच्या दफनभूमीत आहे. पुढच्याच वर्षी सेंट स्टीफन्स कॉलेज काश्मिरी दरवाजाजवळची जुनी इमारत सोडून विद्यापीठ परिसरातील नव्या वास्तूत गेले.