ताराबाईंचा सवाल

बुलढाण्याला आगगाडी नाही. आजही मलकापूरला उतरून घाट चढावा लागतो. पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे एकोणिसाव्या शतकात बहुधा याच वाटेने वर जात असावीत.

१८८१ साली त्यांत सुरतेच्या विजयालक्ष्मीचा खटला गाजत होता. ही तरुण ब्राह्मण विधवा. लोकलज्जेपायी नवजात मूल मारले, म्हणून तिला फाशी सुनावली गेली. अपिलात ती टळून काळे पाणी आले. एका घरातले दुःख चव्हाट्यावर आले, आणि 'पुणेवैभव'सारखी पत्रे साऱ्या स्त्रीजातीचीच अब्रू काढू लागली.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांना हे सोसवले नाही. वडील बापूजी कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक विचारांचे. १८८२ मध्ये ताराबाईंचे 'स्त्रीपुरुषतुलना' पुण्यात छापले गेले. त्यांचा रोख साधा होता: पुनर्विवाह तुम्हीच बंद केलात, तिला फसवणारा पुरुष मात्र मोकळा कसा? त्याचे नाव कोणी का छापत नाही?

ताराबाईंना आजच्या गर्भपात-हक्काच्या पुरस्कर्त्या ठरवण्याची घाई नको. तो कायदा १९७१ चा. बालहत्येचे समर्थनही त्यांनी केले नाही. पण बाईच्या पोटाची पंचाईत करणारे स्वतः कुठे उभे असतात, हे त्यांनी नेमके दाखवले. त्यांच्या आधी, १८६३ मध्ये, जोतीराव-सावित्रीबाईंनी अशा विधवांसाठी गुपचूप बाळंतपणाची सोय केलीच होती.

पुस्तकावर टीका झाली तेव्हा १८८५ च्या 'सत्सार'मध्ये पाठराखण केली ती जोतीरावांनीच. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मात्र आले नाही. पहिलेही विस्मरणात गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले.