कृष्णचंद्र दास

हावड्याहून नागपूरकडे येणारी आगगाडी गोंदिया स्थानकावरून जाते. कलकत्त्यापासून गोंदिया सुमारे एक हजार किलोमीटर दूर आहे. पूर्वी इतक्या दूर बंगालचा रसगुल्ला आणणे फार कठीण होते. रसगुल्ला छेन्याचा, म्हणजे दूध नासवून काढलेल्या चोथ्याचा करतात, आणि छेना लवकर आंबतो. ही अडचण दूर करण्याचे श्रेय कलकत्त्याचे हलवाई कृष्णचंद्र दास यांस आहे.

कृष्णचंद्रांचा जन्म १८६९ साली झाला. त्यांचे वडील नवीनचंद्र यांनी १८६४ साली कलकत्त्याच्या जोडासांको भागात मिठाईचे दुकान काढले होते. परंतु ते चालले नाही. तेव्हा दोन वर्षांनी त्यांनी बागबाजारात दुसरे दुकान मांडले. तेथे अनेक प्रयोग करून १८६८ साली त्यांनी मऊ, सच्छिद्र रसगुल्ला तयार केला. ओडिशातही रसगुल्ल्याची जुनी परंपरा आहे. पण कलकत्त्याच्या ह्या रसगुल्ल्याचा मान नवीनचंद्रांस दिला जातो.

कृष्णचंद्र वडिलांच्या हाताखालीच तयार झाले. पण केवळ वडिलांच्या कीर्तीवर ते संतुष्ट राहिले नाहीत. रसमलाई प्रथम त्यांनीच केली, असे मानले जाते. १९२५ साली नवीनचंद्र वारले. पुढे १९३० साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, कृष्णचंद्रांनी पुत्र शारदाचरण यांच्यासह नवे दुकान उघडले. ते उघडले कोठे, तर वडिलांना जेथे अपयश आले त्याच जोडासांकोत!

त्याच वर्षी त्यांनी रसगुल्ला हवाबंद डब्यात भरून विकण्यास आरंभ केला. पदार्थ तापवला म्हणजे त्यातील सूक्ष्म जंतू मरतात आणि डबा घट्ट बंद असला म्हणजे बाहेरचे जंतू आत शिरत नाहीत. त्यामुळे एक-दोन दिवसांत बिघडणारी मिठाई टिकू लागली व परप्रांतीही जाऊ लागली.

१९३४ साली कृष्णचंद्र निवर्तले. त्यांचे कार्य शारदाचरणांनी पुढे नेले. चुलीची आच कधी कमी, कधी जास्त होते. धूर व राख यांचाही उपद्रव असतो. म्हणून त्यांनी रसगुल्ले शिजविण्यासाठी वाफेचा उपयोग केला. वाफेची उष्णता हवी तेवढी व सारखी मिळते.

पुढे मोठे संकट आले. दुधाची टंचाई पडल्याने १९६५ साली पश्चिम बंगाल सरकारने छेन्याची मिठाई करण्यास बंदी घातली. असंख्य हलवायांचा रोजगार बुडाला. दूधच नाही, तेथे यंत्र काय करणार? पण दास घराण्याने धीर सोडला नाही. १९७२ साली त्यांनी बंगळूर येथे नवे काम सुरू केले.

छेना किती मळावा, पाक किती दाट ठेवावा, हे ज्ञान कोणत्याही यंत्राने दिले नाही. ते दोन पिढ्यांच्या हातांनी मिळविले होते. यंत्राने त्या ज्ञानाला वेग दिला. हातचे कसब आणि नवे शास्त्र यांची सांगड घातली, तर जुना धंदाही नव्याने भरभराटतो, हे कृष्णचंद्रांच्या चरित्रावरून दिसून येते.