पेस्टालोत्सी आणि गणिताचा शिक्षक

डी.एड.च्या वर्गात योहान हाइन्रिख पेस्टालोत्सी हे नाव आम्ही सर्वांनीच पाठ केले होते. परीक्षेत चार ओळी लिहिल्या आणि ते नाव मागे पडले. पुढे नोकरीच्या पहिल्याच वर्षी बेरीज शिकवताना एका मुलीने हातचा का घ्यायचा असे विचारले, आणि आम्हांला तो घेता येत होता पण सांगता येत नव्हता, हे उघड झाले. आम्ही तिला गप्प बसविले. इतिहासाच्या अभ्यासात पेस्टालोत्सी पुन्हा भेटले तेव्हा ती मुलगी आठवली. कारण ज्या शिक्षकाला स्वतःलाच पुरते समजलेले नाही त्याने मुलांना कसे शिकवावे, हा प्रश्न या गृहस्थाने आयुष्यभर उराशी बाळगला होता.

त्यांचा जन्म 12 जानेवारी 1746 रोजी स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे झाला. शल्यवैद्य असलेले वडील ते पाच वर्षांचे असताना वारले. आई आणि बाबेली नावाची निष्ठावंत मोलकरीण या दोघींनी त्यांना वाढविले. तरुणपणी केलेली शेती फसली. नॉयहोफ येथील आपल्या घरीच त्यांनी 1774 मध्ये गरीब मुलांसाठी काम आणि शिक्षण एकत्र देणारी शाळा उघडली. तीही 1780 मध्ये बुडाली. व्यवहार त्यांना कधीच जमला नाही. 1781 च्या ‘लिओनार्ड आणि गर्ट्रूड’ या कादंबरीने कीर्ती मिळाली, पण लेखक म्हणून. शिक्षक होण्यासाठी त्यांना पन्नाशी ओलांडावी लागली.

सप्टेंबर 1798 मध्ये फ्रेंच सैन्याने श्टान्स परिसरात कत्तल केली. अनाथ झालेल्या मुलांसाठी जानेवारी 1799 मध्ये एक आश्रम उघडला आणि तो पेस्टालोत्सींकडे सोपविला गेला. ऐंशीच्या आसपास मुले, मदतीला एक घरकाम करणारी बाई, पुस्तके जवळजवळ नाहीतच. मोठी मुले लहानांना शिकवू लागली. ते मुलांबरोबरच जेवत, त्यांच्यातच झोपत. वसतिगृह चालविणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. जूनमध्ये लष्करी इस्पितळासाठी इमारत काढून घेतली गेली आणि सारे पाच महिन्यांत संपले.

त्याच वर्षी ते बुर्गडोर्फला गेले. तेथे नागरिकत्वाचे हक्क नसलेल्या रहिवाशांच्या मुलांसाठी वेगळी शाळा होती. एक चांभार आपल्या घरात ती चालवी. पेस्टालोत्सींना पहिली संधी मिळाली ती तेथेच. पण पालक बिथरले. नव्या पद्धतीचे प्रयोग करायचे तर नगरवासीयांनी ते आपल्या मुलांवर करावेत, असा त्यांचा आक्षेप होता. बहुतेक चरित्रकार हे पालकांचे अडाणीपण म्हणून सांगतात. आम्हांला मात्र तो आक्षेप रास्त वाटतो. हक्क नसलेल्यांच्याच मुलांवर प्रयोग का, हे विचारणारे लोक अडाणी नव्हते. पेस्टालोत्सींना तेथून दुसऱ्या शाळेत जावे लागले आणि पुढे बुर्गडोर्फच्या किल्ल्यात त्यांची निवासी संस्था उभी राहिली.

येथे त्यांना हेर्मान क्रूझी भेटले. गाइस या गावचा हा तरुण ओझी वाहून पोट भरीत असे. अठराव्या वर्षी, जेमतेम लिहिता-वाचता येत असताना, तो गावचा शिक्षक झाला. 1800 मध्ये युद्ध आणि उपासमारीने गांजलेल्या भागातील मुलांना घेऊन तो बुर्गडोर्फला आला आणि पेस्टालोत्सींचा पहिला सहकारी बनला. स्वतः पेस्टालोत्सींनाही आपल्या लेखनाची आणि हिशेबाची कच्ची बाजू ठाऊक होती. ती त्यांनी लपविली नाही. हे दोघे मुलांसमवेत गणित पुन्हा तळापासून शिकले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

त्यांचा क्रम असा : आधी वाटाणे, खडे, काड्या, मग रेघा, आकडे सर्वांत शेवटी. भिंतीवर दहा ओळी आणि दहा रकान्यांचा तक्ता असे. पहिल्या ओळीच्या प्रत्येक घरात एक रेघ, दुसरीत दोन, तिसरीत तीन. बोट ठेवून मोजताना मुलाला दिसे की चार वेळा तीन म्हणजे तीन घेतलेल्या चार ओंजळी. अपूर्णांकांसाठी चौरस कापलेले असत. आठ ही खूण डोळ्यांपुढे येण्यापूर्वी आठ वस्तू हाताखालून गेलेल्या असाव्यात, हा त्यातील गाभा. दहा काड्यांची जुडी बांधली की हातच्याचे कोडे मुलापूर्वी शिक्षकालाच उलगडते, हे आम्ही स्वतः पुढे अनुभवले.

तरीही त्यांची एक चूक सांगितलीच पाहिजे. पद्धत इतकी नेमकी बांधावी की अशिक्षित आईला किंवा कच्च्या शिक्षकालाही ती चालविता यावी, अशी त्यांची उमेद होती. हेतू उदात्त होता, पण तक्ता शिक्षकाची जागा घेईना. जेथे शिक्षकाला तक्त्यामागचा विचार कळला नाही, तेथे मुले रेघांचीही नुसती घोकंपट्टी करू लागली. इव्हेर्दों येथे 1805 पासून त्यांची संस्था बहरली ती वेगळ्या कारणाने : प्रशियाच्या सरकारने 1809 पासून तरुण शिक्षकांना तेथे पाठविले, आणि ते वर्गात राहून काम करीत शिकले. शेतकऱ्याचा मुलगा याकोब श्टाइनर चौदाव्या वर्षापर्यंत लिहायला शिकला नव्हता. अठराव्या वर्षी तो इव्हेर्दोंला आला आणि पुढे युरोपातील अग्रगण्य भूमितिज्ञ ठरला.

शेवट सुखाचा नव्हता. गणित शिकविणारे योझेफ श्मिड आणि धर्मोपदेशक निडेरर यांच्या भांडणात संस्था पोखरली गेली. क्रूझींसह जुने सहकारी निघून गेले. 1825 मध्ये ती बंद पडली. 17 फेब्रुवारी 1827 रोजी ब्रुग येथे पेस्टालोत्सींचे निधन झाले आणि बिर येथे शाळेलगत त्यांना पुरण्यात आले.

क्रूझी 1833 मध्ये एका अध्यापक विद्यालयाचे प्रमुख झाले. ते विद्यालय होते गाइसमध्येच, चाळीस वर्षांपूर्वी ज्या गावात ते काही न शिकता शिक्षक म्हणून उभे राहिले होते.