गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर, ज्याने औरंगाबादला बिनपंपाचं पाणी दिलं

पैठण रोडने छत्रपती संभाजीनगरकडे निघालात की चितेगाव लागतं. कारखाने, ट्रक, हॉटेलं आणि रस्त्याच्या सोबतीने शहराकडे जाणाऱ्या जलवाहिन्या. जायकवाडीच्या नाथसागरातून उपसलेलं पाणी साधारण ५० किलोमीटर पार करत शहरात पोहोचतं. ७०० आणि १४०० मिलीमीटर व्यासाच्या दोन जुन्या पाईपलाईनींवर शहराने कित्येक वर्षं काढली. धरण खाली आणि शहर वर, त्यामुळे पंप बंद पडला की शहराचा नळही कोरडा.

पण याच शहराला ४०० वर्षांपूर्वी उलट्या दिशेने, म्हणजे उत्तरेच्या डोंगरांकडून पाणी यायचं. तेही पंपाशिवाय. ही करामत करणारा माणूस इंजिनियर नव्हता. तो सेनापती होता, वजीर होता आणि त्याआधी बाजारात विकला गेलेला गुलाम होता. त्याचं नाव मलिक अंबर.

चापू ते मलिक अंबर

मलिक अंबरचा जन्म १५४८ च्या आसपास आजच्या इथिओपियात झाला. त्याचं मूळ नाव चापू असल्याचं सांगितलं जातं. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापारात सापडला आणि एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकला जात बगदादला पोहोचला. तिथल्या मालकाने त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं.

पुढे तो दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. गंमत म्हणजे हा चंगेजखान स्वतःही एकेकाळचा हबशी गुलाम. राज्य कसं चालतं, महसूल कसा येतो, फौज कशी पोसायची हे अंबरने त्याच्या हाताखाली पाहिलं. चंगेजखान गेल्यावर अंबर मोकळा झाला. काही काळ त्याने विजापूरकरांची चाकरी केली आणि मग तो पुन्हा निजामशाहीत परतला.

१६०० मध्ये मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही संपली असं सगळ्यांना वाटलं. अंबरने मात्र घराण्यातल्या एका मुलाला, दुसऱ्या मुर्तझाला, गादीवर बसवलं, आपली मुलगी त्याला दिली आणि कारभार स्वतःच्या हातात घेतला.

मुघलांची डोकेदुखी

पुढची २५ वर्षं अंबरने मुघलांना दख्खनमध्ये स्वस्थ बसू दिलं नाही. समोरासमोरची लढाई टाळायची, रसद तोडायची, रात्री छापा घालायचा आणि डोंगरात गायब व्हायचं, असं त्याचं तंत्र होतं. त्याच्या फौजेत मराठा सरदार मोठ्या संख्येने होते. मालोजीराजे भोसले आणि नंतर शहाजीराजे ही त्यातली सर्वात माहितीतली नावं.

बादशाह जहांगीर तर त्याच्यावर इतका चिडलेला होता, की अंबरच्या छाटलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतोय असं चित्र त्याने दरबारी चित्रकार अबुल हसनकडून काढून घेतलं. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही.

खडकीत राजधानी, पण पाण्याचं काय?

१६१० मध्ये अंबरने खडकी नावाच्या गावात राजधानी वसवली. तेच पुढचं औरंगाबाद. १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभा राहिला. महाल, मशिदी, पेठा उभ्या राहू लागल्या.

अडचण एकच होती. नावाप्रमाणे सगळा खडक. खाली काळा बसाल्ट आणि शेजारी खाम नदी, ती पावसाळ्यानंतर आटणारी. राजधानी म्हणजे फौज, घोडे, कारागीर, व्यापारी. एवढ्यांना विहिरी किती पुरणार?

अंबरने उत्तर शोधलं ते शहराच्या उत्तरेला, हर्सूलच्या बाजूला. तिथली जमीन शहरापेक्षा उंच. डोंगरातून झिरपणारं पाणी जमिनीखालीच अडवायचं, भुयारी नहरीत घ्यायचं आणि हलक्या उताराने शहरात आणायचं. इराणकडच्या भुयारी कालव्यांशी नातं सांगणारी ही रचना म्हणजेच नहर-ए-अंबरी. पाणी जमिनीखालून जात असल्यामुळे उन्हाने आटत नव्हतं आणि शत्रूच्या नजरेलाही सहज पडत नव्हतं. गाळ काढायला आणि हवा खेळायला जागोजागी वरून उघडणारी तोंडं ठेवलेली होती.

बंब म्हणजे काय? फिश टँकवरून समजून घ्या

नहर शहरात आली की पाणी खापरी नळांतून पुढे जायचं आणि मध्येमध्ये उंच दगडी मनोरे लागायचे. लोक त्यांना बंब म्हणतात. हे कशाला?

तुमच्या किंवा मित्राच्या घरी मोठा फिश टँक असेल, तर उत्तर तिथेच आहे. हौशी मंडळी टाकीच्या मागच्या काचेला, कडेच्या थोडं खाली भोक पाडून घेतात. काच साधी हवी. टफन्ड काचेला ड्रिल लावलं की तिचा चुरा होतो. हिऱ्याची कणी लावलेलं बिट, वरून पाण्याची धार आणि हलका हात, असं ते काम. भोकात रबरी वॉशरसह टँक निपल बसतं. पाणी त्या उंचीच्या वर गेलं की आपोआप पाईपातून खालच्या टाकीत, म्हणजे सम्पमध्ये उतरतं. तिथे गाळून पंपाने परत वर.

या पाईपात हवा अडकली की गुडगुड आवाज होतो आणि पाणी कधी थांबतं, कधी एकदम धावतं. म्हणून पाईपाच्या डोक्याला हवेसाठी तोंड ठेवतात. लाईट गेली तर वरच्या टाकीतलं पाणी भोकाच्या पातळीपर्यंतच खाली येतं आणि थांबतं. तेवढं पाणी मावेल इतकी जागा सम्पमध्ये रिकामी ठेवली, की घरात तळं होत नाही.

बंबाचं कामही बरंचसं असंच. पाणी आपली पातळी शोधतं. उगम उंचावर असल्यामुळे बंद नळातलं पाणी बंबात आपसूक वर चढायचं, फक्त उगमाच्या पातळीपेक्षा थोडं कमी. वर अडकलेली हवा सुटायची, जास्तीचा दाब कमी व्हायचा आणि मग तेच पाणी दुसऱ्या बाजूने उतरून पुढच्या हौदांकडे निघायचं. फरक एवढाच, की फिश टँकमध्ये पाणी वर न्यायला पंप लागतो. अंबरकडे ते काम डोंगराचा उतार करत होता.

शत्रूही तेच करत होता

त्याच काळात मुघलांच्या ताब्यातल्या बुऱ्हाणपूरला, १६१५ मध्ये, अशीच भुयारी योजना झाली. ती आज कुंडी भंडारा म्हणून ओळखली जाते. ती करवून घेणारा अब्दुल रहीम खानखाना हा दख्खनमध्ये अंबरशी लढणारा मुघल सेनापती. रणांगणावर शत्रू असलेल्या दोघांनी पाण्यासाठी मात्र एकच वाट धरली.

पाण्याची ताकद अंबरने युद्धातही वापरली. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मुघल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या. अंबरने तलावाचा बांध फोडला, छावणीत चिखल झाला आणि एवढी मोठी फौज हरली. शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले. त्यांचे भाऊ शरीफजी याच लढाईत पडले.

माणूस गेला, नहर राहिली

१६२६ मध्ये अंबर वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. त्याच्यामागे दहाच वर्षांत निजामशाही संपली. खडकीचं नाव त्याच्या मुलाच्या, फत्तेखानाच्या नावावरून फतेहनगर झालं, मग १६५३ मध्ये औरंगाबाद आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर.

नहरीचं तंत्र मात्र नव्या राज्यकर्त्यांनीही उचललं. मुघल काळात आणखी नहरी झाल्या. पाणचक्की त्यातूनच आली. दुरून नळातून येणारं पाणी उंच भिंतीवर चढतं, तिथून हौदात कोसळतं, त्या जोरावर दर्ग्यातल्या माणसांसाठी दळण दळलं जायचं आणि जास्तीचं पाणी खाम नदीत. हौदाखाली चक्क एक दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचं छत.

शहर वाढलं तशा नहरींवर इमारती आल्या, तोंडं बुजली, काही बंब पडले. एकट्या नहरींवर आजचं शहर जगू शकणार नाही, हेही खरं. पण काही दिवसांआड येणाऱ्या नळाची वाट बघणाऱ्या शहरात, विजेचं बिल न येणारी एक पाणीयोजना जमिनीखाली बुजत चालली आहे. पुढच्या वेळी पाणचक्कीला गेलात, तर सेल्फीआधी त्या उंच भिंतीकडे एकदा बघा. पाणी तिच्यावर चढतं कसं, हे आता तुम्हाला माहीत आहे.